पाठकोरे कागद

आमच्या घरच्या सोप्यात अकरा पाट्या आणि चार कागद टांगलेले आहेत. पाट्या सगळ्या पायताणांच्या कंपन्यांच्या. त्यातली एक मुंबईच्या कॅरोना कंपनीची. २०२० साली गावात रोगाची धास्ती पसरली होती, तेव्हा शेजारच्या काकूनं उंबऱ्यातनंच ती पाटी वाचली आणि म्हणाली, "आरं, ज्येचं नाव काढायला माणसं भ्यात्यात, त्येची पाटी तू घरात लावलीयास व्हय?" मी सांगितलं, काकू, ही चपलांची कंपनी, बंद पडून कैक वर्षं झाली, तिचा आणि ह्या रोगाचा काही संबंध न्हाई. तिला ते पटलं नाही. शेवटी दोन महिने ती पाटी भिंतीकडं तोंड करून टांगली, तेव्हा कुठं काकू ताक द्यायला घरात आली.

पाट्या बघून माणसं खूश होतात. पण त्या चार कागदांपुढं आली की प्रत्येकजण थांबतो आणि विचारतो, "हे उलटे का लावलेत?" ते का, हे सांगायचं तर जरा लांबनं यावं लागतं.

आम्ही चांभार. मराठीत आमच्या जातीच्या नावाचा एक शब्द आहे, चांभारचौकशी. ज्यातनं काही निघायचं नाही अशी खोदून खोदून केलेली विचारपूस. शाळेत मास्तरांच्या तोंडून हा शब्द आला की सगळा वर्ग माझ्याकडं बघायचा. आता मीच तो शब्द वापरतो. जुन्या पायताणांच्या जाहिराती गोळा करत तीस-पस्तीस वर्षं हिंडलो, त्या उद्योगाला दुसरं चांगलं नाव मला सापडलेलं नाही.

सुरुवात १९८९ साली झाली. मी पोस्टात होतो. मिरजेजवळच्या एका गावात टपाल द्यायला गेलो, तर एका घरामागं कोंबड्यांच्या खुराड्यावर एक जाड पत्रा ठेवलेला. पत्र्याचा एक कोपरा पावसानं धुऊन निघाला होता आणि त्याखाली लाल रंग आरशागत चमकत होता. उचलून बघितलं, तर बुटाची पाटी. मी घरधनिणीला म्हटलं, "मावशी, हा पत्रा देता का?" ती म्हणाली, "आन कोंबड्या कशानं झाकू?" दुसऱ्या दिवशी बाजारातनं नवा पत्रा नेऊन दिला आणि जुना सायकलला बांधून आणला. माझी बायको म्हणाली, "नवा देऊन जुना आणणारा माणूस मी पयल्यांदाच बघितला."

ती पाटी मिन्याची होती. मिन्याची पाटी रंगवलेली नसते, भाजलेली असते. लोखंडी पत्र्यावर काचेच्या पुडीचा लेप द्यायचा आणि आठशे अंशांच्या आसपासच्या भट्टीत घालायचा. काच वितळून पत्र्याला धरते. मग दुसरा रंग, वर साचा ठेवून, आणि पुन्हा भट्टी. जेवढे रंग तेवढ्या वेळा भट्टी. म्हणून नख फिरवलं तर एका रंगावरनं दुसऱ्यावर जाताना बारीक पायरी लागते. उन्हापावसात साठ-सत्तर वर्षं राहूनही रंग जात नाही. गंज लागतो तो खिळ्यांच्या भोकांशी, आणि पोरांनी दगड मारून जिथं टवका उडवला असेल तिथं. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात आता नव्या पाट्या आम्ल लावून, गंजवून जुन्या म्हणून विकतात. त्यात फसायचं नसेल तर भोकं बघावीत. खऱ्या पाटीला खिळ्याखालच्या चकतीची गोल खूण असते, आणि गंज त्या खुणेपासनं बाहेर पसरलेला असतो. खोट्या पाटीला गंज सगळीकडं सारखा, शेणानं सारवल्यागत.

पाट्या वाढल्या तशी त्यांच्या मागची माहिती शोधायला लागलो. आमच्या भागात बूट आधी आला तो पलटणीतनं. मराठा पलटणीत गेलेली माणसं रजेवर यायची तेव्हा त्यांच्या पायांत खिळ्याचे जड बूट असायचे. कानपुरात १८८१ साली कूपर ऍलन ही कंपनी निघाली आणि तिनं फौजेला बूट पुरवायला सुरुवात केली. मिलिटरीचा बूट म्हणजे गावाला ऐट वाटायची. पेन्शनीत आलेला माणूस तो बूट लग्नकार्याला घालायचा, आणि बुटाचा तळ गेला की दुरुस्तीला आमच्या आबांकडं यायचा. आबा म्हणजे माझे आजोबा.

मग बाटा. आपल्याकडं लहानथोर सगळ्यांना ही कंपनी इथलीच वाटते, नावही आपल्यातलं वाटतं. पण ती मूळची मध्य युरोपातल्या झ्लीन गावची, आजच्या चेक देशातली. तिथं १८९४ साली तोमास बात्या नावाच्या माणसानं भावाबहिणीबरोबर जोड्यांचा कारखाना काढला. आडनावाचा मूळ उच्चार 'बात्या'च्या जवळचा. हे मी वाचलं तेव्हा एका गोष्टीपाशी बराच वेळ थांबलो. त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जोडे शिवायचं काम होतं. म्हणजे जातीची अट नसलेल्या मुलखातला तो चांभारच. पहिल्या महायुद्धानंतर त्याच्या देशात मंदी आली, गोदामं भरली, गिऱ्हाईक फिरकेना. १९२२ साली त्यानं जोड्यांच्या किमती एकदम निम्म्यावर आणल्या. त्या वेळचं त्याचं भित्तिपत्रक प्रसिद्ध आहे. एक मूठ वरनं येऊन 'महागाई' ह्या शब्दाचा चुरा करते. मूळ कागद माझ्याकडं नाही, छापील चित्र आहे, पण ती मूठ बघितली की आबांचा हातोडा धरलेला हात आठवतो.

तोमास १९३२ साली विमानाच्या अपघातात गेला. त्याच सुमारास हिंदुस्थानात त्याच्या कंपनीचं काम सुरू झालं होतं, कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी कोन्नगरला. १९३४ च्या सुमारास बाटानगर वसलं. कापडी बूट, रबरी तळ, आणि प्रत्येक जोडावर छापलेली एकच किंमत, नऊ आकड्यावर संपणारी. त्या काळच्या बाटाच्या एका जाहिरातीत धनुर्वाताची भीती घातलेली आहे. साधी जखमही जिवावर बेतते, म्हणून पायात घाला, असा तिचा रोख. हसण्यासारखी ती गोष्ट नव्हती. शेण-मातीत अनवाणी वावरणाऱ्या मुलखात काटा लागून धनुर्वातानं गेलेली माणसं घरोघर होती. आमच्या घरातही एक चुलतआजा तसाच गेला. चांभाराच्या घरातला माणूस अनवाणी होता म्हणून गेला, हे कुणाला खरं वाटणार नाही. पण कातडं विकत आणायचं आणि जोडा बलुत्यात द्यायचा, त्यात घरच्यांच्या पायांना काही उरायचं नाही.

आबांचं काम मुळात मोटेचं. विहिरीची मोट शिवायची, फाटली तर ठिगळ लावायचं, नाडा, आसूड, वादी पुरवायची, आणि वर्षाकाठी ठरलेल्या घरांना पायताणं. सुगीत त्याचं बलुतं मिळायचं, जोंधळ्याच्या पेंढ्या आणि सुपानं धान्य. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं ढोरांकडनं यायचं. आबा ते भिजवून, दगडावर ठोकून, रापीनं कापून, वादीनंच शिवायचे. खिळा एक नाही. पुढं विहिरींवर तेलाची इंजिनं आली, मग विजेच्या मोटारी. मोट गेली. तोवर तालुक्याच्या गावी एका मोठ्या कंपनीचं दुकान निघालं आणि रबरी तळाच्या वहाणा बाजारात आल्या. पायताणंही गेली. दोन्ही आमच्या घरानं एकाच पिढीत बघितलं.

त्या चार कागदांची गोष्ट इथली आहे.

आबा कातडं, सूत, मेण आणायला तालुक्याच्या बाजारात जायचे. तिथला दुकानदार वर्ष संपल्यावर उरलेली कंपनीची कॅलेंडरं त्यांना द्यायचा. मोठा रंगीत कागद, खाली तारखांचं छोटं पुस्तक, वर-खाली पत्र्याची पट्टी. आता इतर दुकानांच्या कॅलेंडरांवर देव असायचे. लक्ष्मी, सरस्वती, दत्त. साल संपलं तरी ती कॅलेंडरं कुणी टाकायचं नाही, चौकटीत बसवून देव्हाऱ्यापाशी लावायची. पायताणाच्या कंपनीच्या जेवढ्या कॅलेंडरांवर माझा हात फिरला, त्यांवर मला देव दिसला नाही. जोडा आणि देव एका कागदावर चालत नाही. शाळेला निघालेली पोरं, बागेत उभं असलेलं जोडपं, डोंगर, असलीच चित्रं. म्हणून ती कॅलेंडरं चांभाराला द्यायला कुणाला काही वाटायचं नाही. आणि म्हणूनच त्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर माणसाला पाय ठेवता यायचा. मागं लक्ष्मी असती तर कोण पाय ठेवणार?

आबा कागद उलटा अंथरायचे. गिऱ्हाईक त्यावर उभं राहायचं, आणि आबा शिसपेन पायाभोवती फिरवायचे. आबांना लिहिता येत नव्हतं. माझे वडील, अण्णा, तेव्हा शाळेत होते. पावलाच्या आत नाव लिहायचं काम त्यांचं. पाचवी-सहावीतल्या पोराचं टपोरं अक्षर आहे ते. नावाखाली कधी 'अंगठा रुंद', 'डावा मोठा', 'टाच फुटकी' असं आबांनी सांगितलेलं. एका कागदावर मावतील तेवढी पावलं, एकात एक गुंतलेली.

१९५१ ते १९५५ अशी पाच वर्षांची कॅलेंडरं आमच्या माळ्यावर होती. आबा गेल्यावर बरीच वर्षं त्यांची हत्यारं गुंडाळलेली होती त्यांत. १९९४ साली मी ती उघडली आणि माझा आनंद काय सांगू! पाच सालांचे पाच कागद, रंग शाबूत. पावलं दिसली मला, नाही असं नाही. पण माझी नजर संग्रहवाल्याची झाली होती. चित्र ते पुढचं, पाठ ती पाठ. १९५१ चा कागद सगळ्यांत चांगला होता, तो मी शहरात चौकटवाल्याकडं दिला आणि सांगितलं, वळ्या मोडा, सरळ बसवा. त्यानं तो खळ लावून पुठ्ठ्यावर गच्च चिकटवला. घरी आणून भिंतीला लावला. अण्णा चष्मा लावून पुढं आले, चित्र बघितलं, मग चौकट हातात घेऊन उलटी केली. मागं पुठ्ठा.

"ह्याच्या पाठीला आपल्या घरची मापं हुती," अण्णा म्हणाले. "त्या साली आबांनी पयल्यांदा घरातल्या समद्यांस्नी पायताणं केली. तुझ्या आजीचं पाऊल हुतं त्यात. माजंबी."

मी तो कागद सोडवायचा लई प्रयत्न केला. वाफ दिली, ओल्या फडक्यानं भिजवला. वरच्या चित्राचा रंग सुटला, कागदाचा लगदा झाला, आणि पाठ पुठ्ठ्यालाच राहिली. आजीचा एकही फोटो आमच्याकडं नाही. तिच्या पायाची एक रेघ होती, ती मी पैसे देऊन चिकटवून आणली.

राहिलेले चार कागद त्या दिवसापासून मी पाठीकडनं बघायला लागलो. अण्णांना शेजारी बसवून एकेक नाव वाचलं. चार कागदांवर मिळून त्रेसष्ट मापं. त्यांतली एक्केचाळीस पावलं. उरलेली बावीस म्हणजे नुसत्या रेघा. दोन टिंबं, मध्ये सरळ रेघ, तिच्या मध्यावर एक आडवी छोटी रेघ, आणि शेजारी अण्णांच्या अक्षरात 'दोरी'.

मी विचारलं, "अण्णा, हे दोरी काय?"

अण्णा थोडं थांबून म्हणाले, "वाड्यातली मापं. ती माणसं कागदावर उभी ऱ्हायची न्हाईत. गड्याच्या हाती दोरी यायची. लांबीला एक गाठ, रुंदीला एक गाठ. आबा दोरी कागदावर लावायचे, मी टिंबं द्यायचो."

शिसपेन फिरवायची तर पायाला हात लागणार. चांभाराचा हात नको, आणि त्याच हातानं शिवलेलं पायताण मात्र पाहिजे. बायकांची मापं सगळ्याच घरांतनं दोरीनं यायची, ती मी वेगळी काढली. तरी पुरुषांच्या नावाच्या चौदा दोऱ्या राहतात. सालं बघा. १९५० च्या जानेवारीत घटना लागू झाली, तिच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता मोडीत काढली. अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ साली झाला. माझे कागद बरोबर त्या दोहोंमधले. दिल्लीत काय लिहिलं गेलं ते पुस्तकांत आहे. आमच्या गावात त्या चार-पाच वर्षांत काय चाललं होतं ते ह्या रेघांत आहे, आणि ते कुणी मुद्दाम लिहून ठेवलेलं नाही.

त्यातलं एक नाव १९५२ ला दोरीनं आहे, १९५३ ला दोरीनं आहे, आणि १९५५ ला त्याचं अख्खं पाऊल आहे. मला वाटलं, कायद्याचा गुण आला. अण्णांना तसं म्हटलं, तर ते हसायला लागले. "कायदा कुठला! त्येला पायात कुरूप झालं हुतं. दोन जोड चावले. दोरीत कुरूप दिसत न्हाई. मग आला आपल्या पायानं."

आता कुणी म्हणेल, कंपनीच्या दुकानानं तुमच्या आजोबांचा धंदा बसवला, आणि तू तिच्यासारख्यांच्या पाट्या भिंतीला लावून आरती ओवाळतोस. माझ्याही मनात हे बरेचदा आलेलं आहे. पण त्याला अण्णांचं एक उत्तर आहे, ते इथं लिहून ठेवतो.

अण्णा १९५८ साली प्राथमिक शाळेत मास्तर झाले. पहिल्या पगाराला तालुक्याच्या त्या दुकानात बूट घ्यायला गेले. दुकानात बाकडं, बाकड्यापुढं उतरत्या पाटाचं बुटकं स्टूल. इस्त्रीचा सदरा घातलेला पोरगा त्या स्टुलावर बसला आणि अण्णांना म्हणाला, "साहेब, पाय द्या." अण्णांनी पाय मागं घेतला. त्यांना वाटलं, ह्याला आपली जात ठाऊक नाही, नंतर कळली तर तमाशा होईल. पोरगा पुन्हा म्हणाला, "द्या की." त्यानं अण्णांचा पाय हातात घेतला, धूळ झटकली, लोखंडी मापावर ठेवला, आणि नंबर सांगितला. सात. "दुसऱ्याच्या मांडीला माझा पाय लागलेला," अण्णा म्हणायचे, "आन त्यो माणूस माझ्याकडनं पैसे घेऊन नमस्कार करतोय." किंमत तळावर छापलेली. वाड्यातल्याला तीच, मास्तराला तीच.

संध्याकाळी अण्णांनी ते बूट आबांपुढं ठेवले. आबांनी जोडा वाकवून बघितला, शिलाईवरनं अंगठा फिरवला, वास घेतला. म्हणाले, "शिलाई बरी हाय. कुणाच्या मापाचं?"

"सात नंबर."

"सात नंबर म्हंजी कुणाचा पाय?"

अण्णांना उत्तर देता आलं नाही. ते बूट त्यांच्या डाव्या करंगळीला कायम चावायचे. तरी त्यांनी ते सहा वर्षं घातले. आणि आबांनीच त्या बुटांचा तळ दोनदा बदलून दिला.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे त्यात आले. चपलेच्या नावाला कायद्याचं राखण मिळालं, ही चांगलीच गोष्ट झाली. आबांच्या दारावर मात्र कधी पाटी नव्हती. गावाला घर ठाऊक होतं, पाटीची गरज नव्हती. कंपनीला गावोगाव कुणी ओळखत नव्हतं, म्हणून तिनं भट्टीत भाजलेल्या पाट्या लावल्या, आणि त्या टिकल्या. ओळखीच्या माणसाची खूण राहिली ती त्या अनोळखी कंपनीच्या कागदाच्या पाठीवर.

मध्यंतरी मुंबईचा एक व्यापारी घरी आला. पाट्या बघितल्या, मग चार कागद हातात घेतले, पुढची बाजू बघितली आणि चांगली रक्कम सांगितली. म्हणाला, "मागचं पेन्सिलीचं काम साफ करता येतं, काळजी करू नका." मी त्याला चहा पाजला आणि एसटीवर पोचवून आलो.

आता कागदांना दोन्ही बाजूंनी काच लावून घेतली आहे, खळ नाही, चिकटपट्टी नाही. चौकट खुंटीवरनं काढून उलटी करता येते. एरवी पाठ पुढं असते. शाळेची पोरं आली की मी आधी त्यांना पावलं दाखवतो. पोरं आपापल्या आज्या-पणज्याचं नाव शोधतात आणि सापडलं की काचेवर आपला तळहात लावून बघतात, केवढा होता. कुणी 'दोरी' वाचून विचारलं, तर सांगतो. सांगताना नावावर बोट ठेवत नाही, कारण त्या घरांतली पोरंही त्याच घोळक्यात असतात. सगळं सांगून झालं की मग चौकट उलटी करतो आणि पुढचं रंगीत चित्र दाखवतो, शाळेला निघालेली, बूट घातलेली दोन पोरं. गेल्या वर्षी एक चौथीतली पोरगी म्हणाली, "आजोबा, ह्यांची मापं कुठायत?"

पाचवी चौकट, १९५१ ची, मी टाकून दिलेली नाही. ती कपाटाच्या मागं उभी करून ठेवलेली आहे. पुठ्ठ्याच्या पोटात आजीचं पाऊल आहे. ते कधीतरी सोडवता येईल असा कुणी कारागीर भेटला, तर त्याच्याकडं घेऊन जाईन.